पाठीमागचा नीलकंठ

— नाही नाही, उठू नका आत्याबाई, बसा! घरी जाऊन आता काय करता जी? तिकडं माणसाइच्या गप्पा चालल्या असन, तुमचे भाऊ अन् आमचे हे, दोघंही कापडाचे भाव काढून बसले असन, त्याइले आपली काय आठवण! तेजू तयार होऊन राहिली आहे, मैत्रीण मोनिका आहे तिच्याजवळ, दार लावून घेतलं दोघीनं — साक्षगंधाची साडी काय एका मिनिटात नेसून होते? अन् तुमचं तर अजून झालंच नाही. दसऱ्याले नीलकंठ पाखरू दिसल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही, असं तुमीच म्हटलं ना, ओसरीत पाय ठेवल्याबरोबर? मी म्हटलं, विमला, पोराची आत्या म्हणजे घरातली मोठी बाई, तिलेच उपाशी ठेवून पोरीच्या कपाळाले कुंकू लावायचं होय? म्हणून तर घेऊन आली तुमाले बागेत. दिसन, दिसन. इथं दिसतेच. असं — असं बोडीच्या पाण्याकडं तोंड करून बसा. मागं नका पाहू जी, दुपार कलली का ऊन सरळ डोळ्यात येते. हा बाक आमी मुद्दाम असा ठेवला, रस्त्याकडं पाठ अन् पाण्याकडं तोंड. रस्त्यावर काय पाहायचं आहे, धूळ!

काय पाहता? ते? ते तर कुरडू होय जी, ते पांढरे-गुलाबी तुरे. आता उतरून राहिलं, गणपतीत पाहायले पाहिजे होतं, सारी पार गुलाबी होती — तलावाच्या बांधाले आमी पार म्हणतो, तुमच्या लाखांदुराले बी तेच म्हणत असन. पहिले इथं गावचा उकिरडा होता, नाक दाबून जा लागे. मंग साऱ्या बायांनी मिळून साफ केलं, झाडं लावली, कुंपण घातलं, सरपंचानं फीत कापली अन् झाली निसर्ग-बाग. तो तरोटा पाहा — पावसाळ्यात याची भाजी खाल्ली आमी, आता कशा शेंगा वाळल्या, हात लावला का तडतडते. अन् ते बेशरम, जांभळ्या फुलाचं, ते तर दरवर्षी मुळापासून काढतो अन् दरवर्षी येते, म्हणूनच त्याचं नाव ते! हे दिवसच असे जी. पाऊस गेला म्हणावं तर ढग येऊन जाते, थंडी आली म्हणावं तर पाठ घामानं ओली. पण बागेले समजते. आपल्या आधी तिले समजते. तो पाहा, तो पाहा धोबी! काळा-पांढरा, लहानसा, शेपटी खालीवर करत काठानं चालून राहिला — कालपरवाच आला तो. उन्हाळाभर दिसत नाही, पावसाळाभर दिसत नाही, दसरा आला का हजर. तेजू म्हणते, बर्फाच्या डोंगराकडून येते. एवढासा जीव! मी विचारलं, तेजू, त्याले रस्ता कोण सांगते वो? तर म्हणते, कोणी नाही सांगत आई, वेळ झाली का निघते. असं बोलते पोरगी. बरं ते जाऊ द्या.

इकडं पाहा, या खुळखुळ्याकडं — नाही, उठू नका, बसूनच दिसते. शेंगा वाळल्या का वाजतात म्हणून खुळखुळा. फुलपाखरं पाहा किती चिकटली, अन् फुलाले नाही जी, वाळलेल्या पानाले! लोकाइले वाटते फुलपाखरू म्हणजे फुलावरच बसन. अन् हे निळ्या ठिपक्याचं, हे वाळलेलं चोखते, हात लावला तरी उठत नाही, आपल्या गावच्या पिणाऱ्याइसारखं — हां, हसल्या! हसल्या तुमी आत्याबाई! आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. मले तर भीतीच वाटून राहिली होती तुमची, म्हटलं पोराच्या आत्या म्हणजे काय काय विचारतील, पोरीले सुई ओवायले लावतील का काय — तो आवाज? कोणता? खर्र-खर्र असा? — तो… ते सातभाई होय जी. भांडतात दिवसभर. नीलकंठाचा आवाज कायचा, इतका देखणा पक्षी असा ओरडते काय! मागं नका पाहू म्हटलं ना, ऊन आहे. पाण्याकडंच ठेवा नजर. पाण्यावरच उतरते तो.

थांबा एक मिनिट — ओ धनीरामभाऊ! धनीरामभाऊ! फांदी कायले मोडता जी, पानं तोडा ना! अन् तो आपटा नाहीच, कांचन होय तो! आपटा तिकडं, त्या दगडापाशी! — पाहा, ऐकते काय. दरवर्षीचं हेच. दसऱ्याचं सोनं म्हणून कांचनाची पानं तोडून नेते अर्धं गाव, अन् एकमेकाइले वाटत फिरते. तेजूनं पाटी लावली, चित्र काढून लावलं का आपट्याचं पान लहान असते, कांचनाचं मोठं — तर त्या पाटीलेच टेकून उभा राहून हा माणूस कांचन तोडून राहिला. माणसानं एकदा मनात धरलं का हेच सोनं, मंग पोरगी ओरडून सांगो का पाटी लावो, कोण ऐकते! — नाही जी, तुमच्या नीलेशले नाही म्हटलं! देवाशपथ! चांगला पोरगा आहे नीलेश, दुकान आहे, वाईट नाद नाही, मान खाली घालून बसते. मी पानाचं बोलून राहिली. गेला पाहा, फांदी घेऊनच गेला.

तो येन दिसते? तुमी ऐन म्हणत असान — ज्याची साल भेगा पडलेली आहे, तो. त्याच्या खालच्या फांदीले पाहा, लहान अंड्याएवढं लटकून आहे. कोसा होय तो. रानचा, आपोआप आलेला. आता तुमाले कोशाचं काय सांगा लागते, आमी विणकर, तुमचं कोशाच्या साड्याइचं दुकान, म्हणून तर सोयरीक जुळली. पण दुकानात साडी येते जी, कोसा नाही येत. कोसा आमच्या घरी येते. गंजात पाणी ठेवायचं, कोसे टाकायचे, उकळायचे, सूत काढायचं. किडा आत असतानाच उकळा लागते, नाहीतर तो भोक पाडून निघते अन् सूत तुटते. तेजू लहान होती तेव्हा मी उकळायले बसली का ही गंजापाशी येऊन विचारे, आई, आतला झोपला आहे का मेला? काय सांगू मी? म्हटलं, झोपला आहे, तू अभ्यास कर. मंग ही बाग झाली तेव्हा तिनं बायांइच्या बैठकीत उभं राहून सांगतलं का गावात किती बी उकळा, पण या एका झाडाचे कोसे कोणी उकळायचे नाही. बाया हसल्या. पण ऐकलं. आमच्या ह्यांनी पाहिला तर म्हणे, फुकटचा माल लटकून आहे, घेऊन ये. मी नाही नेला. सांगतलं, कोणी तरी तोडला. अन् मागच्या हप्त्यात पाहते तर टोकाले भोक. गेला तो. भोक पडलेला कोसा आमच्या घरी बाजूले फेकतात, पण मले गजब आनंद झाला जी. कोणाले सांगू? नवऱ्याले सांगू का सूत बुडालं म्हणून बायको नाचून राहिली?

तहान लागली असन. ओठ सुकले तुमचे. दिसन जी, आता दिसन, थोडा वेळ.

घर कसं वाटलं आमचं? माग कुठं आहे पाहिलं? दाराशी. खड्ड्यातला माग आहे, माणूस खड्ड्यात पाय सोडून बसते अन् डोळे बरोबर उंबरठ्यावर. उजेड पाहिजे म्हणून माह्या सासऱ्यानं तिथं बसवला, असं म्हणतात. मी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरातल्या कोण्या बाईनं मागावरच्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पाऊल टाकलं नाही. मारत नाही जी, ओरडत नाही — नाही, हे तसे नाहीत, खोटं कायले बोलू. फक्त हातातला धोटा थांबते. खटखट-खटखट चालू असते, मी दारात गेली का बंद. अन् मंग — 'कुठं?' बस्स. एवढंच. 'कुठं?' मंग मी सांगते, बागेत. बागेले नाही म्हणत नाही ते, बागेत साऱ्याच बाया येतात. म्हणून तर मले बागेतलं सारं ठाऊक, कोणती शेंग केव्हा फुटते, कोणतं पाखरू केव्हा येते. दुसरं कुठलं ठाऊक असन मले? माहेर माहं आमगावकडं. जिल्हा फुटला अन् माहेर गोंदियात गेलं — मी होती तिथंच, माहेर मात्र दुसऱ्या जिल्ह्यात! हे म्हणे, आता काय, परजिल्हा झाला. जसा काही मधात समुद्रच आला. नवीन लग्नाची होती तेव्हा रडायची मी, आवाज न करता, कांड्याइवर सूत भरता भरता. चरखा फिरत राहिला का कोणाले समजत नाही. मंग रडणं बी बंद झालं. सवय झाली. सवय झाली म्हणजे काय होते जी, माणूस दारापर्यंत जातच नाही, धोट्याले थांबायचं कामच पडत नाही.

आज बंद आहे माग. दसरा ना. आज मागाची पूजा असते, धोटा, फणी सारं धुऊन-पुसून पाटावर मांडलं, झेंडू वाहिले, तुमी पाहिलंच असन. आज कोणी खड्ड्यात पाय सोडत नाही. कितीही घाईचं काम असो, आज नाही. वर्षातून हाच एक दिवस दाराशी कोणी बसत नाही, अन् ह्यांनी साक्षगंध बी आजच धरलं. म्हणे, मुहूर्त पाहायची गरज नाही, दसराच मुहूर्त. बैठक मधल्या खोलीत, दाराकडं पाठ करून. आयुष्य त्या खड्ड्यात गेलं त्याइचं, पण हे नाही सुचलं. मी म्हटलं, अहो, दुसरा दिवस घ्या, सणाच्या दिवशी धावपळ होते… नाही. नाही म्हटलं मी असं. खोटं बोलली. मी म्हटलं, चांगला दिवस आहे, हाच घ्या.

काहून असं पाहता जी माह्याकडं? मी काही वेगळं नाही म्हणून राहिली.

नंबर? कोणाचा नंबर? — तुमाले कोणी सांगतलं? हो, लागला होता. वनरक्षकात. आता लपवण्यासारखं काय आहे त्यात, साऱ्या गावाले ठाऊक आहे. याच पारीवर धावली ती, रोज सकाळी, धुकं असो का चिखल. मी इथं बसून राहे, याच बाकावर — आई सोबत आहे म्हटलं का कोणाचं तोंड उघडत नाही. ती धावे अन् मी कमळाच्या पानावर चालणारे पक्षी पाहत बसे. एखाद्या वेळी वाटे, आपणही धावून पाहावं. हसू नका! एक दिवस धावली बी, त्या आंब्यापर्यंत, पदर खोचून. तेजू पोट धरून हसली. मंग नंबर लागला, ट्रेनिंगले बोलावलं. हे म्हणे, विणकराची पोरगी जंगलात काठी घेऊन फिरन? वाघ आहे, लाकूडचोर आहे, लोक काय म्हणतील? अन् मंग काही दिवस नाही झाले का तुमचं स्थळ आलं. तुमची चूक नाही जी, तुमाले कुठं ठाऊक होतं. उद्या सकाळी हजर व्हायचं होतं तिले. उद्या नाही गेली का तिची जागा खालच्या नंबरच्या पोरीले जाते, पुन्हा नाही. होतं, म्हटलं ना मी. होतं. सोडलं ते तिनं. रडली, मंग सोडलं.

कोणती बॅग? — मागच्या सांदवाडीत, परसात? तुमी हात धुवायले गेल्या तेव्हा पाहिली होय… ती… जुन्या साड्या आहेत जी तिच्यात. गोधडीले द्यायच्या आहेत. — बूट? वर बांधलेले बूट बी पाहिले? … गोधडीत बूट शिवते का वो विमला. नाही जमत मले. सवयच नाही ना, एकीकडून सांधते तर दुसरीकडून उसवते.

बसा. हात जोडते. बसा जी आत्याबाई, पाया पडते तुमच्या — सोडते, पाय सोडते, पण बसा. आता तुमी घरी गेल्या तर सारं संपलं. मागापाशीच्या दारानंच निघाली ती, थांब्यावर पिंपळामागं उभी असन. सिहोऱ्याची गाडी केव्हाची यायले पाहिजे होती, सणाचा दिवस म्हणून कुठं अडकली देव जाणे. एक शब्द तुमच्या भावाच्या कानावर गेला का हे मोटरसायकल काढतील, तिले बसवून आणतील, ओटीत नारळ देतील, कुंकू लावतील, अन् झालं. जन्मभराचं झालं. मारणार नाही कोणी तिले, कोणीच मारत नाही जी. फक्त लाखांदुराले दुकानाच्या मागं एक दार असन, अन् दारापर्यंत गेली का कोणी तरी विचारन, कुठं? मी सहन केलं, मले दुसरं दिसलंच नव्हतं. तिले दिसलं आहे. दिसल्यावर कसं बसवू तिले चरख्यापाशी? शिव्या द्या मले. पाहुणे दाराशी आणून थट्टा केली, तुमचा मान नाही ठेवला, खरं आहे, सारं खरं आहे. नीलेशचं काय चुकलं? काहीच नाही. त्याले दुसरी मिळन, हसत येईन ती. माह्या पोरीले हा एकच रस्ता आहे, अन् तो एका गाडीवर येऊन ठेपला.

… बसल्या? … बरं. बसा. मी नाही बोलत आता.

टिबुकली बुडली पाहा. ती, बदकावानी, लहानशी. आता कुठून निघते सांगा. … तिकडून! आपण इकडं पाहतो अन् ती तिकडून निघते. पाणी उतरलं का शिंगाड्याचे वेल वर दिसतात, मंग तिले लपायले चांगलं. … एक विचारू? रागावू नका. तुमी भावाच्याच घरी राहता ना, पहिल्यापासून? तुमचे भाऊ आल्या आल्या म्हणे, आमच्या कौशल्याबाईशिवाय घरातलं पान हलत नाही — साऱ्याइनं माना हलवल्या अन् तुमी पदर सारखा करत खाली पाहिलं. मी पाहिलं ते. लग्न झालं होतं ना तुमचं? … हं. … अन् परत कायले आणलं त्याइनं? … नाही सांगायचं तर नका सांगू. तुमाले जायचं होतं काय, परत? … कोणी विचारलं होतं तुमाले? — काय म्हटलं? जोरात म्हणा जी, नाही ऐकू आलं. … नाही विचारलं. हो. मले बी नाही विचारलं. कोणी विचारन असं वाटलं बी नव्हतं. तेजूले मी विचारलं. रात्रभर विचार करून नाही, असंच, पोळी लाटता लाटता — तुले जायचं आहे काय वो? तर पोरीनं माह्या तोंडाकडं असं पाहिलं जसं मी परकी भाषा बोलली.

फोन वाजून राहिला जी तुमचा. … भाऊ? … उचलू नका. माहा फोन तर मी घरीच ठेवला, मुद्दाम. नाही — उचला, उचला, नाहीतर इथंच येऊन उभे राहतील. आत्याबाई, तुमाले जे सांगायचं ते सांगा, मी तुमाले अडवत नाही. तुमचं घर आहे ते. बोला.

… …

काय — काय सांगतलं तुमी त्याइले? मी बरोबर ऐकलं काय? 'आमी तिघी बी बागेत आहो'? तिघी? 'पोरगी माह्याजवळच बसली आहे, नीलकंठ दिसला का घेऊन येतो'? आत्याबाई! … अवो माय… सख्ख्या भावाले… नका, डोळे नका पुसू, मले बी मंग नाही राहवत. कायले केलं जी असं? मी नव्हतं मागितलं एवढं, मी तर फक्त बसा म्हटलं होतं. आता तुमचं काय होईन? माहं ठीक आहे, मी तर खड्ड्यापाशीच आहे, माह्या घरी धोटा थांबन, चालू होईन, थांबन. तुमाले तर त्याच घरी जायचं आहे, त्याच भावाच्या, रोज त्याच्याच ताटात वाढायचं आहे. थांबा, मले विचार करू द्या. तुमचा हात किती थंड आहे जी.

ऐकलं? … वळणावरचा हॉर्न. गाडीच होय. … थांब्यावर थांबली. … दार वाजलं का? लोखंडी दार आहे, आपटल्याशिवाय लागत नाही. … वाजलं. घंटी दिली कंडक्टरनं. — मागं नका पाहू! मी बी नाही पाहत. मी निघताना पोरगी म्हणे, आई, गाडी बागेसमोरूनच जाते, तू फाटकाशी उभी राह्य, मी खिडकीतून हात करीन. मी म्हटलं, वेडी काय, पाहुणीले सोडून फाटकाशी कशी येऊ? मी वळली का पाहुणी वळन, पाहुणी वळली का रस्ता दिसन. तू हात करजो, मले समजन. … आली. आवाज मोठा झाला. … आता फाटकाशी असन. आता हात करत असन, उजव्या हातानं, हिरवा चुडा भरला होता काल, काढायले वेळ नाही झाला तिले. … हं. … उतारावर लागली. … तुमाले ऐकू येते काय अजून? मले नाही येत.

आता फिरा मागं. फिरा जी, खरंच. ऊन केव्हाचं झाडामागं गेलं, मी उगाच म्हणत होती. वर पाहा, रस्त्याच्या तारेवर. दिसला? निळा? तोच. आपण फाटकातून आलो तेव्हापासून तिथंच बसून आहे. मी तुमचा दंड धरून तुमाले इकडं वळवलं, आठवते? ओरडला बी तोच, सातभाई कायचे. तुमाले तहानलेलं ठेवलं मी, देव पाहून घेईन माहं. एवढी मोठी गाडी खालून गेली तरी हलला नाही पाहा, जसा कोणी बांधून ठेवला. हात जोडा. मागा काय मागायचं ते. … मागितलं? घ्या, पाणी. घरूनच आणली होती मी बाटली, पदराखाली. हळू प्या, उपाशीपोटी ठसका लागते. … सारी प्या.

पुरे, आता जा तुमी. पारीनं सरळ जा, देवळापासून वळा, रस्त्यानं नका जाऊ. अन् सांगा, विमलानं फसवलं. सांगा पोरगी इथंच होती, विमलानं तिले आपट्याची पानं आणायले म्हणून तिकडं पाठवली अन् गाडीत बसवून दिली. तुमी नीलकंठ पाहून राहिल्या होत्या, तुमी काही पाहिलं नाही. नीट पाठ करा, अडखळू नका, अन् चांगल्या ओरडा माह्या नावानं, म्हणजे खरं वाटन. … मी? मी येते मागून. मले कुठं जायचं आहे? उद्या माग चालू होते, कांड्या भरायच्या आहेत. … नाही, सोबत नाही. सोबत गेलो तर तुमच्यावर येईन. … हात सोडा जी. सोडा. जा म्हणते ना, जा तुमी. मले फाटकाशी थोडं उभं राहायचं आहे.